टक्कर टळते ती बारा मिनिटं आधी

“समुद्र एवढा अफाट. मग दोन जहाजं एकमेकांवर आदळतातच कशी?” मर्चंट नेव्हीतल्या माणसाला लग्नाकार्यात हमखास विचारला जाणारा हा प्रश्न. त्याच्या पाठोपाठ दुसराही येतो: “समोर जहाज दिसलं की बाजूला व्हायचं, त्यात एवढं काय?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. समुद्र अफाट असला तरी जहाजं त्यावर सगळीकडे पसरत नाहीत. प्रत्येकाला इंधन वाचवायचं असतं, म्हणून प्रत्येकजण जवळची वाट धरतो आणि त्या वाटा ठरलेल्या आहेत. मलाक्का, सिंगापूर, डोव्हर, जिब्राल्टर अशा चिंचोळ्या जागी तर येणारे-जाणारे सगळेच एकत्र येतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हे प्रकरण. बाजूला व्हायचं हे खरंच. पण कोणी, किती आणि कधी? यातलं ‘कधी’ चुकलं, तर बाकीचं बरोबर असूनही फारसा उपयोग होत नाही.

१. जहाज थांबायला किती जागा लागते?

आधी मापं पाहू. समुद्रावरचा मैल १,८५२ मीटरचा असतो. तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. मालवाहू जहाज १५ नॉटने चाललं आहे असं धरा. म्हणजे चार मिनिटांत एक मैल, ताशी साधारण २८ किलोमीटर. हा वेग ऐकून कोणालाही धडकी भरणार नाही. पण समोरूनही तसंच जहाज येत असेल, तर मधलं अंतर ३० नॉटने, म्हणजे मिनिटाला अर्धा मैल या हिशेबाने संपत जातं.

आता हे जहाज थांबवायचं झालं तर? आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००२ मध्ये स्वीकारलेल्या निकषानुसार, जहाज भर वेगात असताना इंजिन उलटं फिरवलं, तर ते स्वतःच्या लांबीच्या १५ पटींत थांबलं पाहिजे. फारच अवजड जहाजांना २० पटींपर्यंत सवलत आहे. ३०० मीटर लांबीच्या कंटेनर जहाजासाठी १५ पट म्हणजे साडेचार किलोमीटर. आणि हा निकषात बसणाऱ्या जहाजाचा आकडा आहे, बिघडलेल्याचा नव्हे.

वळणं त्यापेक्षा स्वस्त पडतं. सुकाणू पुरतं फिरवल्यावर जहाजाचं तोंड ९० अंशांत वळेपर्यंत ते लांबीच्या साडेचार पटींहून अधिक पुढे सरकू नये, असा निकष आहे. आपल्या ३०० मीटरच्या जहाजासाठी १,३५० मीटर. म्हणून मोकळ्या समुद्रात अधिकारी सहसा इंजिनाला हात लावत नाही, तो वळतो. तेवढं करायलाही पाऊण मैल पाणी हातात असावं लागतं. शिवाय जहाज मोटारीसारखं पुढच्या चाकांवर वळत नाही. नाळ उजवीकडे जाते तेव्हा पिछाडी डावीकडे फेकली जाते. अगदी जवळ आलेल्या मचव्याला चुकवताना नाळ सुटते आणि पिछाडी त्याच्यावर जाते, असंही होऊ शकतं.

२. धोका आहे हे ओळखायचं कसं?

समोरचं जहाज जवळ येतंय, एवढ्यावरून धोका ठरत नाही. शेजारून सुखरूप जाणारं जहाजही आधी जवळच येतं. मग खूण कोणती?

माळरानावरचे दोन सरळ रस्ते एका फाट्यावर मिळतात असं समजा. एका रस्त्यावर तुमची जीप, दुसऱ्यावर ट्रक. तुम्ही मान न हलवता पाहताय. ट्रक काचेवरून हळूहळू मागे सरकत गेला, तर तुम्ही फाटा आधी ओलांडाल. तो पुढे सरकत गेला, तर तो आधी जाईल. पण काचेवर एकाच ठिकाणी राहून तो नुसताच मोठा होत गेला, तर फाट्यावर तुमची गाठ पक्की.

समुद्रावर काचेऐवजी होकायंत्र असतं. उत्तरेपासून मोजलेला समोरच्या जहाजाचा कोन म्हणजे त्याचं बेअरिंग. अंतर कमी होतंय आणि बेअरिंग मात्र बदलत नाही, याचा अर्थ टकरीची वाट धरली आहे.

एक उदाहरण घेऊ. आपण १५ नॉटने थेट उत्तरेला चाललो आहोत. रात्री १० वाजता एक जहाज उजवीकडे ०५० अंशांवर, ८ मैलांवर दिसलं. १० वाजून ३ मिनिटांनी ते ७ मैलांवर आहे, बेअरिंग ०५०. १० वाजून ६ मिनिटांनी ६ मैलांवर, बेअरिंग तेच. सहा मिनिटांत दोन मैल संपले. उरलेले सहा मैल अठरा मिनिटांत संपतील. कोणीच काही केलं नाही, तर १० वाजून २४ मिनिटांनी दोन्ही जहाजं एकाच ठिकाणी असतील.

या खुणेला एक अपवाद आहे आणि तो नियमांतच लिहून ठेवला आहे. समोरचं जहाज फार लांबलचक असेल, ते दुसऱ्याला ओढून नेत असेल किंवा अंतर फार कमी असेल, तर बेअरिंग बदलत असूनही धोका असू शकतो. ४०० मीटरच्या जहाजाची नाळ निसटली म्हणजे पिछाडीही निसटली असं नाही. यावर नियमाचं सांगणं सरळ आहे: शंका असेल तर धोका आहे असंच धरा.

३. किती जवळून जाणार?

बेअरिंग थोडं बदलत असेल, तर पुढचा प्रश्न उभा राहतो: जाईल, पण किती अंतरावरून? दोन जहाजांमधल्या या सर्वांत कमी अंतराला खलाशी सीपीए म्हणतात, आणि ती वेळ यायला उरलेल्या मिनिटांना टीसीपीए.

मघाच्याच उदाहरणात १० वाजून ६ मिनिटांनी बेअरिंग ०५० ऐवजी ०५४ झालं असतं तर? ते जहाज आपल्या मागून, सुमारे १.६ मैलांवरून गेलं असतं. चार अंशांच्या फरकाने टकरीचं रूपांतर सुखरूप जाण्यात झालं. म्हणूनच नुसत्या डोळ्याच्या अंदाजावर भिस्त ठेवून चालत नाही, बेअरिंग पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं.

पूर्वी हा हिशेब रडारवरच्या नोंदी कागदावर मांडून करायचे. आता रडारला जोडलेला संगणकच हे आकडे देतो. पण त्याची एक मर्यादा प्रत्येक कॅडेटला पाठ करायला लावतात. नवं जहाज पकडल्यावर त्याच्या चालीचा पक्का अंदाज द्यायला यंत्राला तीनेक मिनिटं लागतात. समोरचं जहाज वळलं, तर तेवढा वेळ पडद्यावर जुन्या वाटेचेच आकडे रेंगाळतात. आणि हे सगळे आकडे एका गृहीतावर उभे असतात: दोघंही आहे त्याच दिशेने आणि त्याच वेगाने जात राहतील.

किती सीपीए पुरेसा, हे कप्तान आपल्या लेखी आदेशात ठरवून देतो. मोकळ्या समुद्रात एक-दोन मैल ही मागणी नेहमीची. ‘यापेक्षा कमी होत असेल तर मला उठवा’ ही सूचना त्याच्या खालीच असते.

४. वळायचं कोणी?

दोघांनी एकमेकांना वाट द्यायला जाऊन पुन्हा एकमेकांसमोरच यावं, असं होऊ नये म्हणून जगभर एकच नियमावली आहे. ती १९७२ मध्ये ठरली आणि १५ जुलै १९७७ पासून लागू झाली. खलाशी तिला कोलरेग म्हणतात. दोन यांत्रिक जहाजं एकमेकांना पाहू शकत असतील, तर मुख्य प्रसंग तीन.

समोरासमोर येत असतील, तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. एक मागून येऊन दुसऱ्याला ओलांडत असेल, तर वाट चुकवायची ती ओलांडणाऱ्याने. वाटा छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं जहाज आहे त्याने वाट द्यायची, आणि जमेल तिथे त्याच्या नाळेसमोरून न जाता मागून जायचं.

हा तिसरा नियम रात्री दिव्यांतून आपोआप वाचता येतो. प्रत्येक जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा असतो आणि उजव्या बाजूला हिरवा. उजवीकडून आडवं येणारं जहाज आपली डावी बाजू आपल्याला दाखवतं, म्हणून आपल्याला त्याचा लाल दिवा दिसतो: वाट आपण द्यायची. त्याला आपला हिरवा दिसतो: त्याने आहे तसं जायचं.

जाळी टाकून मासेमारी करणाऱ्या आणि त्यामुळे मनासारखं वळता न येणाऱ्या नौकेला मालवाहू जहाजाने वाट द्यायची, असाही नियम आहे. पावसाळी बंदी उठली की कोकण किनाऱ्यासमोर रात्री मासेमारी नौकांच्या दिव्यांची रांगच लागते. मुंबईकडे येणाऱ्या जहाजावरचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, तेव्हा सर्वांत दमवणारा असतो.

५. वळायचं कधी?

नियमावलीत ‘वेळेवर’, ‘ठळक’ असे शब्द आहेत, मैलांचा आकडा मात्र कुठेच नाही. मुद्दामच नाही. तेलवाहू अजस्र जहाज आणि छोटा टग यांना एकच अंतर लावता येत नाही. अधिकाऱ्याने ते हिशेबानेच काढायचं असतं. तो हिशेब करून पाहू.

दोन जहाजं समोरासमोर आहेत, दोघंही १५ नॉटने. समोरचं काहीच करत नाही असं धरू, आणि आपल्याला त्याच्यापासून दीड मैलावरून जायचं आहे.

६ मैल असताना वळलो, तर ३० अंश पुरतात.
३ मैल असताना वळलो, तर ६० अंश लागतात.
२ मैलांवर ९७ अंश, म्हणजे काटकोनाहून अधिक.
दीड मैलावर १८० अंश, म्हणजे तोंड फिरवून पळ काढायचा.

जहाज वळायला जो वेळ आणि जी जागा घेतं, ती या हिशेबात धरलेलीच नाही. ती धरली तर शेवटच्या दोन ओळी कागदावरच राहतात. आता हे आकडे घड्याळात पाहा. मिनिटाला अर्धा मैल या गतीने ६ मैल म्हणजे टकरीच्या बारा मिनिटं आधी आणि दीड मैल म्हणजे तीन मिनिटं आधी. ज्या कामाला बाराव्या मिनिटाला ३० अंश पुरत होते, त्यालाच पुढच्या नऊ मिनिटांत अर्धं वर्तुळ लागू लागलं. त्या नऊ मिनिटांत ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, काहीच बिघडल्यासारखं वाटत नाही. इंजिन नीट चालतंय, हवा स्वच्छ आहे, समोरचा दिवा लहानसाच आहे.

दिवा लहान दिसणं हीच रात्रीची खरी फसगत. ५० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाचा डोलकाठीवरचा पांढरा दिवा ६ मैलांवरून दिसला पाहिजे. लाल-हिरव्या दिव्यांना मात्र ३ मैलांचंच बंधन आहे. म्हणजे लाल दिसतोय की हिरवा, हे स्पष्ट होईपर्यंत थांबणाऱ्याने निम्मा वेळ घालवलेला असू शकतो. म्हणून सरावलेला अधिकारी आधी पांढरे दिवे वाचतो. मोठ्या जहाजावर असे दोन असतात, पुढचा खाली आणि मागचा वर. दोन्ही बरोबर एकावर एक दिसले, तर ते जहाज थेट आपल्याकडे तोंड करून आहे. खालचा दिवा वरच्याच्या डावीकडे असेल तर ते आपल्या डावीकडे चाललं आहे, उजवीकडे असेल तर उजवीकडे.

‘कधी’च्या जोडीला ‘किती’ही आलंच. पाच अंश वळावं, पाहावं, पुन्हा पाच अंश वळावं, असा तुकड्यातुकड्यांनी बदल नियमाला मंजूर नाही. कारण आपलं वळणं समोरच्याला दिसावं लागतं. दुरून पाच अंशांचा फरक ना डोळ्याला कळत, ना रडारला. ३० अंश वळलं की दिवे बदलतात आणि समोरच्याचा संभ्रम मिटतो. वळल्यावर काम संपत नाही. दुसरं जहाज पूर्णपणे पार होईपर्यंत बेअरिंग पाहत राहायचं असतं.

६. ज्याने सरळ जायचं, त्याची परीक्षा

वाट देणाऱ्याचं काम कळायला सोपं आहे. अवघड काम दुसऱ्याचं: ज्याला नियम सांगतो की तू दिशा आणि वेग बदलू नकोस. पण समोरचा वळलाच नाही तर? कॉकक्रॉफ्ट आणि लामेयर यांच्या प्रसिद्ध मार्गदर्शिकेने याचे चार टप्पे पाडले आहेत.

पहिला टप्पा दूर अंतराचा. धोका सुरूच झालेला नाही, दोघंही मोकळे. दुसरा, धोका सुरू झाल्यावरचा: एकाने वाट द्यायची, दुसऱ्याने सरळ जायचं. मोकळ्या समुद्रात हा टप्पा ५ ते ८ मैलांवर सुरू होतो असं ते सुचवतात. तिसरा, समोरचा योग्य ती हालचाल करत नाही हे दिसू लागल्यावरचा, साधारण २ ते ३ मैलांवर. इथे पाच छोटे भोंगे वाजवायचे, म्हणजे ‘तुझा इरादा कळत नाही’. आणि आता सरळ जाणाऱ्यालाही वळायची मुभा असते. चौथ्या टप्प्यात एकट्या समोरच्याच्या वळण्याने टक्कर टळणार नाही इतकं अंतर आटलेलं असतं. तिथे मुभा संपते आणि वळणं सक्तीचं होतं.

तिसऱ्या टप्प्यात एक पथ्य आहे: डाव्या हाताच्या जहाजासाठी शक्यतो डावीकडे वळू नये. समोरचा उशिरा जागा होऊन उजवीकडे वळला, तर दोघंही एकाच बाजूला येतात.

अशा वेळी रेडिओ उचलून विचारावंसं वाटतं. पण कॉल नेमका त्याच जहाजाने उचलला का, याची खात्री नसते आणि बोलण्यात मैल संपत जातात. ब्रिटनच्या सागरी प्रशासनाने या सवयीविरुद्ध लेखी सूचनाच काढली आहे.

१७ जून २०१७ च्या पहाटे जपानच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी युद्धनौका ‘फिट्झजेराल्ड’ आणि कंटेनर जहाज ‘एसीएक्स क्रिस्टल’ यांची टक्कर झाली. सात नौसैनिक मरण पावले. क्रिस्टल युद्धनौकेच्या उजव्या हाताला होतं, म्हणजे वाट युद्धनौकेने द्यायची होती. तिने वेळेवर ठळक हालचाल केली नाही, हे चौकशीत मुख्य कारण ठरलं. सरळ जाणाऱ्या क्रिस्टलवरही ठपका आला: युद्धनौका लवकर टिपली नाही आणि शंका आल्यावर पुरेसं काही केलं नाही. रडार दोन्हीकडे होती.

७. धुक्यात वेगळा कायदा

दाट धुक्यात एकमेकांचे दिवेच दिसत नसतील, तर ‘तू वाट दे, मी सरळ जातो’ ही वाटणी रद्द होते. रडारवर धोका दिसला की दोघांनीही वेळेवर हालचाल करायची. आपण ओलांडत असलेलं जहाज सोडून, समोरच्या बाजूला कोणीही असलं तरी डावीकडे वळणं टाळायचं.

असं का, हे २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ दिसलं. इटलीचं प्रवासी जहाज ‘आंद्रेआ डोरिया’ आणि स्वीडनचं ‘स्टॉकहोम’ समोरासमोर येत होती, मधलं अंतर सुमारे ४० नॉटने संपत होतं. दोघांनीही एकमेकांना रडारवर आधीच पाहिलं होतं. आंद्रेआ डोरियावर मात्र कोणी त्या नोंदी कागदावर मांडल्या नाहीत. दुसरं जहाज उजवीकडून जाईल असं समजून तिथल्या कप्तानाने जहाज डावीकडे अवघे चार अंश वळवलं. एवढा बदल स्टॉकहोमच्या रडारवर उमटण्यासारखा नव्हता. धुक्यातून दिवे दिसले तेव्हा स्टॉकहोम उजवीकडे वळलं, आंद्रेआ डोरिया डावीकडे. ५१ माणसं गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंद्रेआ डोरिया बुडालं.

८. बंदराच्या तोंडाशी

वरचा सहा मैलांचा हिशेब मुंबई बंदराच्या खाडीत लावता येत नाही. तिथे खोल पाण्याची वाटच अरुंद, दोन्ही बाजूंना उथळ. म्हणून अशा ठिकाणी जो तो आपल्या उजव्या कडेने जातो, वाट दाखवणारा स्थानिक पायलट जहाजावर चढतो आणि किनाऱ्यावरचा नियंत्रण कक्ष रडारवरून लक्ष ठेवतो. तरी ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईसमोर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजं धडकली. चित्रा कलंडलं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत गेलं आणि काही दिवस बंदराची वाहतूक बंद ठेवावी लागली. वेळ विकत घ्यायला जिथे अंतर नसतं, तिथे ती फक्त वेग कमी करून मिळते.

९. होडीवाल्यांसाठी दोन शब्द

हे सगळं मोठ्या जहाजांपुरतं आहे असं समजू नका. नव्या जहाजांसाठी असा निकष आहे की ब्रिजवरून पाहताना नाळेपुढचं न दिसणारं पाणी जहाजाच्या लांबीच्या दुप्पट किंवा ५०० मीटर, यांतलं जे कमी असेल त्यापेक्षा जास्त नसावं. याचाच अर्थ मोठ्या जहाजाच्या नाळेपुढे अर्ध्या किलोमीटरपर्यंत असलेली होडी वरून दिसेलच असं नाही. तेवढ्या अंतरावर ती दिसली, तरी तिच्यासाठी ते थांबूही शकत नाही.

म्हणून तांडेलांना आणि हौसेने समुद्रात जाणाऱ्यांना विनंती आहे. रात्री दिवे लावा, जाळी टाकलेली असताना मासेमारीचे दिवेही लावा, आपली ओळख आणि ठिकाण इतर जहाजांना आपोआप कळवणारं एआयएस यंत्र असेल तर ते चालू ठेवा. जहाजाच्या नाळेसमोरून ओलांडायची पैज लावू नका. आणि जाळी पाण्यात नसतील, तर नियम कोणाच्या बाजूने आहे याची वाट न पाहता, जहाज दूर असतानाच त्याच्या वाटेतून बाजूला व्हा.